प्याला निमित्त, घाव अपमानाचा : ‘एकच प्याला’मधील सुधाकराकडे पुन्हा पाहताना

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सावनेर मागे टाकतो आणि थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते. पुढे सौंसर लागते आणि सौंसरच्या परिसरातच मोहगाव. अर्धनारीश्वराच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे हे गाव आज मध्य प्रदेशच्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हा भाग वेगळा काढून हा नवा जिल्हा झाला. कचेरीतला कागद हिंदीत आणि घरातले बोलणे मराठीत, अशी या पट्ट्याची जुनी रीत आहे. गोव्यातल्या वाचकाला हे गाव दूरचे वाटेल; पण मराठी रंगभूमीच्या इतिहासातील एक हळवे पान त्याच्या अगदी शेजारी उलगडले होते. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे राम गणेश गडकरी यांनी देह ठेवला. वय अवघे ३३ वर्षांचे. त्या काळी सावनेर आणि मोहगाव यांच्यामध्ये राज्याची सीमा नव्हती. दोन्ही गावे मध्य प्रांतातच होती.

त्यानंतर महिनाभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगमंचावर आणले. नाटककाराला आपल्या या नाटकाचा प्रयोग पाहता आला नाही. गणपतराव बोडस सुधाकर झाले, तर भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व फाटक्या लुगड्यातली सिंधू झाले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. या घटनेला शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ते नाटक मराठी माणसाच्या बोलण्यातून गेलेले नाही. कोणी पहिल्यांदा पेला हाती घेतला की आजही कोणीतरी या नाटकाचे नाव काढतोच.

नेमका येथेच या नाटकावर थोडा अन्याय होतो. ‘एकच प्याला’ म्हणजे दारूबंदीचे नाटक, अशी त्याची ओळख होऊन बसली आहे. मोहाच्या झाडाचे नाव मिरवणारी गावे या पट्ट्यात अनेक आहेत. त्या झाडाची फुले वाळवून गरिबाने पोट भरले आणि त्याच फुलांची दारूही गाळली. आपल्याकडे काजूच्या हंगामात हुराक येतो, पुढे फेणी होते. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पेय हा ज्या समाजाच्या शेतीचा, व्यवसायाचा आणि पाहुणचाराचा भाग आहे, तेथे ‘दारू वाईट’ एवढाच उपदेश करणारे नाटक फार दिवस टिकले नसते. गोमंतकीय प्रेक्षक सुधाकराला विसरला नाही, याचे कारण नाटकात पेल्याच्याही आधी घडणाऱ्या एका प्रसंगात आहे.

न्यायालयातला तो अपमान

सुधाकर पोरका आहे. गरिबीतून, केवळ बुद्धीच्या बळावर तो वकील झाला आहे. सिंधू श्रीमंताघरची लेक. तिचा भाऊ पद्माकर संपन्न. अशा घराशी सोयरीक जुळलेल्या माणसाला आपली योग्यता जगासमोर रोज नव्याने सिद्ध करावीशी वाटते. हुशारी आहे, कष्ट आहेत, नावही होऊ लागले आहे. पण आपण येथवर आलो ते आपल्या हक्काने आलो, ही खात्री आत कोठेतरी कच्ची राहिली आहे. मग एके दिवशी न्यायालयात नव्या मुन्सफाकडून त्याचा पाणउतारा होतो. त्याचा तोल जातो, तो उलट बोलतो आणि काही काळासाठी त्याची सनद काढून घेतली जाते.

सनद काही काळापुरतीच गेलेली असते. घर शाबूत असते, पत्नीचे प्रेम शाबूत असते, रामलालसारखा जिवाभावाचा मित्र असतो. हिशेब मांडला तर नुकसान भरून निघण्याजोगे आहे. पण सुधाकराचा हिशेब वेगळा आहे. चारचौघांच्या डोळ्यांत दिसणारे आपले प्रतिबिंब हेच त्याचे भांडवल होते. ते एका दिवसात बुडाले. झोप उडाली, विचार थांबेनात. अशा वेळी त्याचा कारकून तळीराम उपाय सुचवतो : एकच प्याला घ्या, विसर पडेल. तळीराम सुखाचे आमिष दाखवत नाही. तो विस्मृती देऊ करतो. अपमानित माणसाला त्या घटकेला दुसरे काहीच नको असते.

गडकऱ्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म आहे, ते येथे कळते. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ प्रेक्षकांना पोट धरून हसवते. ती मंडळी पितात, कारण त्यांना पिणे आवडते. सुधाकर त्यांच्यात बसतो, पण त्यांच्यातला होत नाही. त्याला हसू येत नाही. तो स्वतःपासून पळण्यासाठी पितो आणि शुद्धीवर आला की स्वतःलाच भेटतो. व्यसनाची एकेक पायरी माणसाला कशी खाली नेते, हे रामलालपुढे तो स्वतःच उलगडून सांगतो. त्या भाषणात सबब नाही, दुसऱ्याला दोष नाही. आपल्या नाशाचे इतके स्वच्छ निदान करणारा माणूस दुबळा म्हणावा की बलवान, हा प्रश्न प्रेक्षकाला तेथेच पडतो.

सुधाकराचे बळ कोठे आहे?

सुधाकराचे दोष झाकण्याजोगे नाहीत. अहंकार, संशय, क्रोध आणि शेवटी हिंसा : नशेत तो आपल्या तान्ह्या मुलाचा जीव घेतो आणि सिंधूलाही प्राणांतिक जखम करतो. या कृत्याला क्षमा मागून नाटक पुढे सरकत नाही, आणि आपणही सरकू नये. तरीही या माणसात एक मूक बळ आहे. ते त्याच्या मोठ्या भाषणांत सापडत नाही. तो दारू सोडण्याचा निश्चय करून कामाच्या शोधात बाहेर पडतो, त्या प्रसंगात सापडते.

एकेकाळचा नामांकित वकील आता मिळेल ते काम मागत प्रतिष्ठितांच्या दारी उभा राहतो. ज्याला मुन्सफाचा एक शब्द सहन झाला नव्हता, तो आता अनेकांचे शब्द ऐकून घेतो. मान खाली घालून काम मागणे ही त्याच्या स्वभावाची सर्वांत कठीण परीक्षा असते आणि ती तो देतो. रंगभूमीच्या दृष्टीने हा प्रसंग आरडाओरड्याचा नाही; परंतु सुधाकराच्या आयुष्यातला सर्वांत धैर्याचा क्षण हाच. दारे मात्र बंदच राहतात. दारुड्यावर विश्वास कोण ठेवणार? उपदेश सगळे करतात, काम कोणी देत नाही. तो परत फिरतो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. पहिला पेला तळीरामाने पुढे केला होता; या वेळी तो त्याच्यापुढे सरकवण्यात साऱ्या सभ्य समाजाचा हातभार लागलेला असतो.

सिंधूचे बळ याहून निराळे. माहेरची मदत नाकारून ती दळण दळते, श्रमाच्या पैशावर घर चालवते. जाते ओढणाऱ्या त्या हातांना कोणाच्या शाबासकीची गरज वाटत नाही. मरणाच्या दारातही ती पोलिसांपुढे नवऱ्याला वाचवते. मागच्या पिढ्यांनी या त्यागाला हात जोडले. आजच्या प्रेक्षकाला तो अस्वस्थ करतो, आणि ही अस्वस्थता रास्त आहे. घरात मार खाऊन गप्प राहणे याला पुण्य म्हणता येणार नाही. नाटकातच त्याला उत्तर देणारी एक व्यक्ती आहे. तळीरामाची बायको गीता शिकलेली नाही, मोठ्या घरची नाही. पण दारुड्या नवऱ्याचा जाच ती मुकाट्याने सोसत नाही. स्वतःची किंमत तिला कोणाकडून विचारावी लागत नाही.

मोहगावच्या अर्धनारीश्वराची येथे आठवण होते. सुधाकराजवळ स्वाभिमान आहे, पण सोसण्याची ताकद नाही. सिंधूजवळ सोसण्याची ताकद अफाट आहे, पण स्वतःसाठी उभे राहणे नाही. दोघेही अर्धे. एकाचे अर्धेपण दुसऱ्याच्या त्यागाने भरून निघत नाही, ही या शोकांतिकेची खरी गोम आहे.

सावनेर आणि मंगेशी

दुखावलेला स्वाभिमान हा गडकऱ्यांना अखेरपर्यंत सतावणारा विषय असावा. सावनेरच्या आजारपणात त्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले. त्यातला घनश्यामही अपमानाने पेटलेला माणूस आहे. मात्र तो आग स्वतःकडे न वळवता दुसऱ्यांच्या संसाराकडे वळवतो. एकाच जखमेचे हे दोन परिणाम. एक माणूस स्वतःला जाळतो, दुसरा जगाला जाळू पाहतो. हे नाटक बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. घनश्याम झाले चिंतामणराव कोल्हटकर आणि त्याला डिवचणारी लतिका झाले मंगेशीचे सुपुत्र मास्टर दीनानाथ मंगेशकर. सावनेरच्या आजाऱ्याच्या खोलीतून निघालेली ही वाट अशी थेट गोमंतकापर्यंत येते. जत्रांच्या रात्रींनी आणि देवळांसमोरच्या मांडवांनी आपल्याकडे संगीत नाटक जपले; त्या जपणुकीत गडकऱ्यांच्या या दोन जखमी नायक-खलनायकांचा वाटा आहे.

आजच्या सुधाकरांसाठी

गडकऱ्यांच्या काळी व्यसन ही नीतीची बाब होती. आज वैद्यक त्याकडे आजार म्हणून पाहते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीने एक साधी युक्ती दिली : जन्मभराची शपथ घेऊ नका, फक्त आजचा दिवस पिऊ नका. सुधाकराचा घात ‘एकच’ या शब्दाने केला. सावरणाऱ्या माणसाला तोच शब्द ‘एकच दिवस’ म्हणून आधार देतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. त्याची ओळख झाली ती व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता माणूस म्हणून वागवणारे केंद्र अशी.

गोव्याचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. येथील ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, मद्यपानामुळे हानी सोसणाऱ्या पुरुषांसोबत एक अभ्यास केला. त्यात ३७७ पुरुष सहभागी झाले. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण खास प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी त्यांच्याशी मोजक्या भेटींत संवाद साधला. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा असा संवाद लाभलेल्यांपैकी ३६ टक्के सावरले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. २०१७ साली हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संवादाने सारेच बरे होतात असे नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते. पण ऐकून घेणारा एक माणूस समोर बसला तर फरक पडतो, एवढे त्यातून निश्चित होते.

सुधाकराला असे ऐकणारे फार थोडे भेटले आणि काम देणारा कोणी भेटलाच नाही. अखेर तो दारूत रसकापूर मिसळून आपले आयुष्य संपवतो. पडदा पडतो तेव्हा प्रेक्षक पेल्याला शिव्या देत उठतो. ते सोपे असते. अवघड प्रश्न त्या बंद दारांचा आहे. उद्या दारू सोडून महिनाभर झालेला एखादा ओळखीचा माणूस आपल्या दुकानात, कचेरीत किंवा बागायतीत काम मागायला आला, मान खाली घालून उभा राहिला, तर आपण त्याला काय सांगणार? पाचव्या अंकात काय होईल, हे पुष्कळदा त्या उत्तरावर ठरते.