एक ग्रॅम

संपादकांनी मला पाठवलं होतं ते बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर. मोटारीच्या सुट्या भागांचा हा जुना बाजार. काहीही मागा, दुकानदार आधी मॉडेल विचारतो, मग साल, आणि पोऱ्या माळ्यावर चढतो. अशाच एका दुकानात विशीतला एक मुलगा आपल्या डिझेल गाडीचं फ्लायव्हील गोणपाटात गुंडाळून उभा होता. त्याला ते हलकं करून हवं होतं. तीन किलोनं. दुकानदारानं पीण्या औद्योगिक वसाहतीतला एक पत्ता दिला. मी त्या मुलाबरोबर रिक्षात बसलो, आणि बाजारावरचा लेख तिथेच राहिला.

पत्ता एका पत्र्याच्या शेडचा निघाला. दोन लेथ, एक उभं ड्रिल आणि भिंतीकडेला बॅलन्सिंग मशीन. ते चालवणारे गृहस्थ मूळचे बेळगावचे. उद्यमबागेत लेथवर हात बसला, मग पोट इकडे घेऊन आलं. शेडमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात. गिऱ्हाइकाशी कानडी, माझ्याशी मराठी, आणि मशीन चालू असताना कुणाशीच काही नाही.

डिझेल या शहराला नवं नाही. 1951 साली मायको कंपनी स्थापन झाली आणि तिच्या इथल्या आडुगोडीच्या कारखान्यातले डिझेल पंप देशभर ट्रक-ट्रॅक्टरांत बसले. 1997 मध्ये टोयोटा आणि किर्लोस्कर एकत्र आले, बिडदीला कारखाना झाला, 2000 साली क्वालिस रस्त्यावर आली. पुढे इंजिनाच्या संगणकातला इंधनाचा नकाशा बदलून डिझेल गाडीची ताकद वाढवण्याचं वेड इथल्या तरुणांत पसरलं. ताकद वाढली की क्लच घसरायला लागतो, क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि एकदा तो उतरला की मागचं फ्लायव्हील डोळ्यांसमोर येतं. बिडाचं जाडजूड चाक, नुसतं फिरणारं. हे ओझं कशाला, असं कुणालाही वाटेल.

मला मात्र ते पाहून आमच्या मळ्यातलं ऑइल इंजिन आठवलं. हँडल मारताना डीकॉम्प्रेशनची खिटी उचलून धरायची. चाकानं वेग घेतला की खिटी सोडायची, आणि चाकात साठलेल्या जोरावर पहिला ठोका पडायचा. त्या एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच ठोका मिळतो, बाकीचा वेळ इंजिन चाकाच्या जिवावर फिरतं. जात्याचंही तसंच आहे. हात खुंट्याला एका बाजूनं जोर देतो, उरलेली फेरी दगडाचं वजन पुरी करतं. चार सिलिंडरच्या गाडीत दर अर्ध्या फेरीला एक ठोका असतो, तरी डिझेलमध्ये हवा पंधरा-अठरा पट दाबायची म्हणजे प्रत्येक ठोक्याआधी इंजिनाला चढ चढावा लागतो. तो चढ चाक चढवतं.

म्हणून चाक हलकं केल्यानं काही मिळत नाही असं नव्हे. मिळतं, आणि कुठून कापलं यावर मिळतं. मध्यापासून 13 सेंटिमीटरवरचं एक किलो हे 5 सेंटिमीटरवरच्या एक किलोपेक्षा जवळजवळ सातपट जड पडतं, कारण अंतराचा वर्ग होतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या चौदा फेऱ्यांना टायरची एक फेरी आणि टायरची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरली, तर कडेचं एक किलो काढणं म्हणजे वेग घेताना गाडीतून सुमारे 37 किलो उतरवणं. पाचव्या गिअरमध्ये तीन फेऱ्यांना एक धरली तर तोच फायदा पावणेदोन किलोंवर येतो. म्हणजे मिळकत सगळी खालच्या गिअरांत.

मामा लेथवर काम करतात, पण त्यांचा जीव बॅलन्सिंग मशीनवर आहे. त्यांनी एक चाक मँड्रेलवर चढवलं, नट आवळला, कडेला खडूची रेघ मारली आणि पट्टा सुरू केला. काट्यानं सांगितलं: एवढे ग्रॅम, अमुक कोनात. मशीन थांबवून त्यांनी तो कोन हातानं वर आणला आणि अंगठ्यानं दाबून दाखवला. "हितं जड आहे बघा." मला काहीच दिसलं नाही. आठ किलोच्या चाकाला, इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्यांवर जात असेल, तर फ्लायव्हीलसाठी नेहमीच्या जी 6.3 या दर्जानं 12 सेंटिमीटर त्रिज्येवर जेमतेम एका ग्रॅमची सूट आहे. त्या वेगाला हा एक ग्रॅम दोन किलोच्या वजनाइतका बाहेर ओढतो, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला सदुसष्ट वेळा फिरते. दहा मिलिमीटरचं ड्रिल बिडात पावणेदोन मिलिमीटर उतरलं की तो ग्रॅम निघतो. मामा ड्रिलच्या दांड्यावर फक्त मनगटाचा भार देतात. राखाडी भुसा खाली पडला, त्यांनी फुंकर मारली, चाक पुन्हा चढवलं. अशा तीन खेपा झाल्या. शेवटी क्लचची प्रेशर प्लेट बसवून जोडी एकत्र फिरवली आणि दोन्हींवर पंचानं एकेक ठिपका मारला. क्लचचं काम करणाऱ्यानं हे ठिपके जुळवले नाहीत, तर ही सगळी मेहनत वाया.

एक गैरसमज त्यांनी आधीच काढून टाकला. चाकाचा तोल साधला म्हणजे इंजिन थरथरायचं थांबत नाही. चार सिलिंडरचे पिस्टन वर-खाली होताना क्रँकच्या दुप्पट गतीनं जो हादरा देतात, त्याला फ्लायव्हील काही करू शकत नाही. त्यासाठी फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दुप्पट वेगानं उलटसुलट फिरणारे दोन दांडे सुचवले होते.

मुलगा अजून उभाच होता. मामा त्याच्याशी कानडीत बोलत होते आणि मधूनमधून मला मराठीत सांगत होते. मिळकत खालच्या गिअरांत आहे, तसा तोटाही तिथेच. सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत डिझेल गाडी आठशे ते पंधराशे फेऱ्यांत जगते. नेमकी तिथे दोन ठोक्यांमधली दरी सर्वांत मोठी, आणि तिथेच चाक हलकं. क्लच सोडताना गाडी बंद पडणार, म्हणून चालक क्लच अर्धा धरून ठेवणार. चाक पातळ झाल्यामुळे ती उष्णता पोटात घ्यायला लोखंड उरलेलं नाही. त्यांनी कोपऱ्यातून एक जुनं चाक ओढून काढलं. घासणाऱ्या तोंडावर निळे-काळे डाग होते आणि एका डागातून बोल्टच्या भोकाकडे केसासारखी चीर गेलेली. बीड ताणाला कच्चं. भोकं पाडून वजन काढलं तर भोकाच्या कडेपाशी ताण गोळा होतो, आणि फुटलेला तुकडा घंटेसारख्या कव्हरात राहीलच असं नाही. त्या चाकामागे गाडीत माणसं बसलेली असतात, हे मामा तीनदा म्हणाले.

नव्या गाड्यांत प्रकरण आणखी अवघड आहे. कित्येक डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन तुकड्यांचं, मध्ये स्प्रिंगा. लुक या जर्मन कंपनीनं 1985 मध्ये असं चाक मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं. ते काढून एकसंध हलकं चाक लावलं की ठोक्यांचा हिसका थेट गिअरबॉक्सवर जातो आणि न्यूट्रलमध्ये दात खडखडायला लागतात. शिवाय कॉमन रेल इंजिनाचा संगणक क्रँकचा वेग दर ठोक्याला मोजून कोणत्या सिलिंडरला किती डिझेल द्यायचं ते ठरवतो. चाक हलकं झालं की वेगाची वर-खाली वाढते, आणि संगणकाचा तो हिशेब ज्या चाकावर बांधला होता ते चाकच राहत नाही.

मुलानं सगळं ऐकलं. मग खाली बघत त्यानं एवढंच विचारलं, की तीन नको तर एक किलो?

मामांनी गोणपाट सोडलं. चाक लेथच्या बेडवर उताणं ठेवलं, रिंग गिअरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, आणि व्हर्निअर उघडून पाठीची जाडी मोजायला घेतली. "बघू या," ते मला म्हणाले, "किती शिल्लक आहे ते."