द्राक्षमद्य आणि हवा

युरोपांतील भोजनसमारंभांचीं वर्णनें इंग्रजी कादंबऱ्यांतून ज्यांनीं वाचलीं असतील, त्यांच्या नजरेंतून एक लहानशी गोष्ट सुटली नसेल. यजमान किंवा त्याचा खानसामा भोजनाच्या तासभर आधीं तांबड्या वाइनच्या, म्हणजे द्राक्षमद्याच्या, बाटलीचें बूच काढतो आणि बाटली तशीच उघडी ठेवून देतो. कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें : मद्याला श्वास घेऊं द्यावयाचा आहे ! वर्षानुवर्षें कोंडून पडलेल्या जिवाला मोकळी हवा मिळाली म्हणजे तो टवटवीत होतो, तसें हें मद्यहि खुलतें, अशी त्यामागील समजूत.

ही समजूत कितपत खरी आहे ? द्राक्षमद्य आपल्या देशाला अगदींच अपरिचित नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत त्याला 'मधु' असें गोड नांव दिलेलें आहे. परंतु ज्या घरांत मद्याचा थेंबहि कधीं शिरला नाहीं, त्या घरांतील जिज्ञासूलाहि हा प्रश्न विचार करण्यासारखा वाटेल. कारण तो मुळांत हवेचा, वासाचा आणि मनुष्याच्या जिभेच्या साक्षीचा प्रश्न आहे. आणि ज्यानें एखादी बाटली तीस वर्षें जपून ठेवली आहे, त्याचें तर या उत्तरावर बरेंच कांहीं अवलंबून असतें. उत्तर चुकलें तर तीस वर्षांची ठेव अर्ध्या तासांत हवेंत उडून जाते, आणि ती परत मिळविण्याचा उपाय नाहीं.

पहिली गोष्ट अशी कीं, नुसतें बूच काढून ठेवल्यानें जवळजवळ कांहींच होत नाहीं. याचें कारण भूमितीचें आहे. नेहमींच्या बाटलींत ७५० मिलिलिटर मद्य असतें आणि तें गळ्यापर्यंत भरलेलें असतें. गळ्याचा आंतील व्यास सुमारें २ सेंटिमीटर. म्हणजे हवेशीं संबंध येणारा पृष्ठभाग उणापुरा ३ चौरस सेंटिमीटर, एखाद्या नाण्याएवढा. एवढ्याशा खिडकींतून पाऊण लिटर मद्याला तासाभरांत कितीशी हवा मिळणार ? चहाचा अनुभव प्रत्येक घरीं आहे. अरुंद तोंडाच्या भांड्यांत ठेवलेला चहा बराच वेळ ऊन राहतो. तोच बशींत ओतला कीं पाहतां पाहतां निवतो. चहा तोच, खोलीहि तीच. फरक पडला तो पसरट पृष्ठभागाचा आणि ओततांना झालेल्या खळबळीचा. मद्याचेंहि तसेंच आहे. तें रुंद बुडाच्या कांचेच्या सुरईंत ओतलें आणि आंतील पृष्ठभागाचा व्यास १५ सेंटिमीटर असला, तर हवेला भिडणारा भाग पावणेदोनशें चौरस सेंटिमीटरांच्या वर जातो. म्हणजे बाटलीच्या पन्नासपटीहून अधिक होतो. शिवाय धार पडतांना तिच्याबरोबर हवाहि मद्यांत घुसळली जाते. तेव्हां 'श्वास' म्हणून जो कांहीं आहे, तो बाटली उघडी ठेवल्यानें मिळत नाहीं. तो ओतण्याच्या क्रियेनें मिळतो.

आतां या हवेनें होतें काय ? येथें दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेंच बराचसा वाद माजलेला आहे.

पहिली क्रिया उडून जाण्याची. द्राक्षरस आंबत असतांना किण्वापासून इतर पदार्थांबरोबर कांहीं गंधकयुक्त पदार्थहि अल्प प्रमाणांत तयार होतात. त्यांपैकीं हायड्रोजन सल्फाइड वायूला नासक्या अंड्याचा वास असतो. त्याच्या जातभाईंना उकडलेल्या कोबीचा किंवा जळक्या रबराचा वास येतो. हवाबंद बाटलींत हे वास कोंडून राहतात, आणि फार थोडे असले तरी फळाचा मूळ सुगंध झांकून टाकतात. मद्य धार धरून ओतलें, किंवा पेल्यांत घेऊन गरगर फिरविलें, म्हणजे त्यांतील जो भाग सहज उडून जाणारा असतो तो थोड्याच मिनिटांत नाहींसा होतो. हिंगाची डबी बाजूला सारली कीं शेजारच्या वेलदोड्याचा वास येऊं लागतो, तशांतलाच हा प्रकार. बाहेरून नवें कांहीं आलेलें नसतें. आड येणारें दूर झालेलें असतें. हा वास गंधकाचाच आहे कीं काय, हें ओळखण्याची एक सोपी खूणहि परीक्षकांना ठाऊक आहे. तांब्याचा स्वच्छ तुकडा पेल्यांत बुडविला तर गंधक तांब्याशीं संयोग पावतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचा वास जातो.

दुसरी क्रिया प्राणवायूच्या संयोगाची. तिचें महत्त्व प्रथम दाखवून दिलें तें लुई पाश्चर यानें. फ्रान्समधील मद्य वारंवार नासूं लागल्यामुळें सम्राट तिसरा नेपोलियन यानें १८६३ सालीं त्याला चौकशी करण्यास सांगितलें. पाश्चरचें बालपण ज्युरा प्रांतांतील आर्ब्वा या गांवीं गेलें होतें. द्राक्षांच्या मळ्यांनीं वेढलेल्या त्या गांवींच त्यानें आपले पुष्कळसे प्रयोग केले, आणि १८६६ सालीं मद्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा एक प्रयोग शाळेंतील मुलालाहि समजेल असा आहे. कांचेच्या कांहीं नळ्या त्यानें मद्यानें कांठोकांठ भरून बंद केल्या. कांहीं अर्धवट भरून, म्हणजे आंत हवा ठेवून, बंद केल्या. कांठोकांठ भरलेल्या नळ्यांतील मद्य होतें तसेंच राहिलें. हवा असलेल्या नळ्यांत मात्र रंग पालटला, तळाशीं साका बसला आणि मद्याला जुनेपणाची कळा आली. मद्य मुरतें तें प्राणवायूच्या योगानें, असा निष्कर्ष पाश्चरनें काढला.

परंतु हें मुरणें फार सावकाश चालतें. साध्या खोलीच्या उष्णमानांत एक लिटर मद्यांत हवेंतील प्राणवायु विरघळून विरघळून सुमारें ८ मिलिग्रॅम विरघळतो, आणि तेवढासुद्धां पुरता वापरला जाण्यास कांहीं दिवस लागतात. नव्या तांबड्या मद्याचा तुरटपणा ज्या टॅनिन द्रव्यांमुळें येतो, तीं द्रव्यें पिपांत व बाटलींत महिनोगणती आणि वर्षानुवर्षें रूपांतर पावत असतात. म्हणूनच जुनें मद्य जिभेला मऊ लागतें. जें काम करण्यास पिपाला दोन वर्षें लागतात, तें सुरई एका तासांत करील, ही अपेक्षा रसायनशास्त्राच्या हिशेबांत बसत नाहीं.

शिवाय जो प्राणवायु मुरवितो, तोच नासवितोहि. कापलेलें सफरचंद ज्या कारणानें तांबूस पडतें, त्याच कारणानें उघडें राहिलेलें मद्य करपट रंगाचें होतें. त्यांतील मद्यार्काचा कांहीं अंश ॲसिटाल्डिहाइडमध्यें बदलतो, आणि ठेंचलेल्या सफरचंदासारखा वास येऊं लागतो. पुढें हवेवर जगणारे सूक्ष्म जंतु त्यांत वाढले कीं मद्यार्काचें अम्ल होतें, आणि मद्याचा शिरका बनतो. हीं संकटें तासाभराचीं नव्हेत, दिवसांचीं आहेत. पण जुन्या मद्याला त्यांच्याहि आधीं दुसरें संकट गांठतें. तीस-चाळीस वर्षांच्या मद्याचा सुगंध अतिशय नाजूक व विरळ झालेला असतो. ज्या वाटेनें गंधकाचा दुर्गंध निघून जातो, त्याच वाटेनें तो सुगंधहि निघून जातो. बाटली उघडतांच जें मद्य मोहक वाटलें, तेंच सुरईंत अर्धा तास राहिल्यावर फिकें व निर्जीव झालें, असा अनुभव जाणत्यांना नेहमीं येतो.

मग सुरईची चाल पडली कशी ? तिचें मूळ प्रयोजन साका वेगळा करणें हें होतें. इंग्लंडांत जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यानें १६७४ सालीं स्वच्छ, पारदर्शक कांचेच्या कृतीचा सरकारी हक्क मिळविला. अठराव्या शतकांत त्या कांचेच्या सुरया श्रीमंतांच्या मेजावर शोभूं लागल्या. पोर्तुगालहून येणाऱ्या पोर्ट नांवाच्या मद्याच्या बाटलींत जाड साका बसतो. बाटली एक दिवस उभी ठेवावयाची, मग गळ्यामागें मेणबत्ती लावून तें मद्य हलक्या हातानें सुरईंत ओतावयाचें, आणि गाळाची काळी रेघ गळ्यापाशीं दिसतांच हात आवरावयाचा. ताकावरील निवळी काढणाऱ्या गृहिणीला हें कौशल्य निराळें समजावून सांगावयास नको. काळाच्या ओघांत मूळ हेतु मागें पडला आणि हवेचा हेतु पुढें आला.

बोर्दो येथील मद्यशास्त्रज्ञ एमिल पेनो (१९१२-२००४) यांनीं मद्याच्या चवीविषयींच्या १९८० सालच्या आपल्या ग्रंथांत या रूढीची चिकित्सा केली आहे. ज्या मद्यांत साका आहे तेवढेंच सुरईंत ओतावें, आणि तेंहि वाढण्याच्या वेळीं. एखाद्या मद्याला कोंदट वासासारखा दोष असेल, तरच त्याला अधिक वेळ हवा द्यावी. निर्दोष मद्याला हवेपासून फायदा होत नाहीं, उलट त्याचा सुगंध पसरट होतो, असें त्यांचें मत. इतर कित्येक अनुभवी लोक मात्र नव्या, दणकट तांबड्या मद्याला एक-दोन तास सुरईंत ठेवणें पसंत करतात. वाद पूर्ण मिटलेला नाहीं. परंतु फार जुन्या मद्याबाबत घाई करूं नये आणि उशीरहि लावूं नये, याविषयीं दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नाहीं.

नियमाला अपवाद असतोच, आणि तो पाश्चरच्या आर्ब्वा गांवींच सांपडतो. तेथें 'व्हँ झोन', म्हणजे पिवळें मद्य, या नांवाचें एक मद्य करतात. इतर ठिकाणीं पिपांतील मद्य आटून कमी झालें कीं त्यांत भर घालून हवेला जागा ठेवीत नाहींत. येथें मात्र भर घालीत नाहींत. रिकाम्या जागेंत हवा शिरते, आणि मद्यावर किण्वाचा पातळ पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्याखालीं तें सहा वर्षें मुरतें आणि मगच ६२ सेंटिलिटरांच्या ठेंगण्या बाटलींत भरलें जातें. ज्याचें अर्धें आयुष्य हवेच्या सहवासांत गेलें, त्याला बूच काढल्यावर हवेचें भय वाटत नाहीं. तें खुशाल कांहीं तास आधीं उघडून ठेवतात.

या वादांत आणखी एक साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष फार जपून घ्यावी लागते. तो म्हणजे पिणाऱ्याची जीभ. पहिला घोंट रिकाम्या तोंडीं घेतला जातो. तेव्हां टॅनिन लाळेंतील प्रथिनांना चिकटतें आणि तोंड कोरडें पडतें. तासाभरानें जेवण सुरू झालेलें असतें. मांस किंवा चीज खाल्ल्यावर तेंच मद्य मवाळ लागतें. एवढ्या वेळांत मद्याचें उष्णमान बदललेलें असतें, आणि मनुष्याला तुरटपणाची संवयहि झालेली असते. बदल झाला तो अनेक ठिकाणीं. श्रेय मात्र सगळें हवेला मिळतें.

खरें-खोटें पाहावयाचें असेल, तर त्याची रीति अवघड नाहीं. अर्धें मद्य सुरईंत ओतावें. उरलेलें अर्धें लगेच एका लहान बाटलींत कांठोकांठ भरून बूच लावावें. तासाभरानें दोन्हींचें उष्णमान सारखें करून एकसारख्या तीन पेल्यांत घ्यावें. दोन पेल्यांत एक प्रकार, तिसऱ्यांत दुसरा. कोणत्या पेल्यांत काय आहे, हें ओतणाऱ्यानेंच जाणावें. आतां चाखणाऱ्यानें निराळा पेला ओळखावयाचा. नुसत्या अंदाजानेंहि तीनांत एकदां उत्तर बरोबर येईल; म्हणून परीक्षा पुन्हां पुन्हां घ्यावी. व्यवसायांतील परीक्षक हीच पद्धति वापरतात, आणि तिच्यापुढें मोठमोठ्या जाणकारांचा आत्मविश्वास कमी झालेला दिसतो.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर आणखी एक विचार आहे. नाशिकच्या परिसरांत आतां द्राक्षमद्याचा मोठा धंदा उभा राहिला आहे. परंतु तेथील बहुतेक मद्य ताजेपणींच घ्यावयाचें असतें. त्यांत साका नसतो, आणि पुष्कळ बाटल्यांना बुचाऐवजीं फिरकीचें झाकण असतें. युरोपांतील थंड दिवाणखान्यांत जी रीति निरुपद्रवी, ती येथील उन्हाळ्यांत तशी राहत नाहीं. तीस-पस्तीस अंशांच्या उकाड्यांत सुरई तासभर उघडी राहिली, तर मद्यार्काचा उग्र दर्प वर येतो आणि फळाचा वास मागें पडतो.

सारांश, नियम थोडाच आहे. बाटली उघडतांच मद्य थोडेंसें पेल्यांत घेऊन हुंगावें व चाखावें. कोंदट किंवा गंधकाचा वास आला, तर पेला फिरवून पाहावा. तेवढ्यानें भागलें नाहीं तर सुरई घ्यावी. तळाशीं साका असेल तर सुरई घ्यावीच, पण वाढण्याच्या वेळीं. कांहींच दोष दिसला नाहीं, तर मद्याला हवा पेल्यांतच मिळूं द्यावी. तेथें तें हळूहळू पालटत जातें, आणि तो पालट चाखणाऱ्याच्या समोर होतो. कोंडलेला वास दहा मिनिटांनीं घालवितां येतो. उडून गेलेला सुगंध दहा वर्षांनींहि परत आणतां येत नाहीं. म्हणून ज्या बाटलीचें वय मोठें, तिच्या बाबतींत रूढीपेक्षां आपल्या नाकाचें आधीं ऐकावें.