पाण्याचा हिशेब गावाच्या हाती

पाऊस संपला की आपण म्हणतो, "यंदा बरा झाला" किंवा "यंदा कमी पडला." अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे लोक एवढ्यावर थांबत नाहीत. तिथे पर्जन्यमापकावर पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात.

१९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचत गेले. लोक मजुरीसाठी बाहेर पडले. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान झाले, डोंगरउतारावर चर खोदले, बंधारे बांधले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. विहिरींना पाणी आले. पण पाणी आले की भांडणही येते. कोणी किती उपसायचे?

इथे मोजमाप कामी आले. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे १०० मिलिमीटर पावसात सुमारे ९७ कोटी ६० लाख लिटर. त्यातले काही वाहून जाते, काही वाफ होऊन उडते, काही मातीत मुरते. हाती राहते त्यातून आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग पिके ठरवायची. पाऊस कमी तर पेराही कमी. ऊस आणि केळी नको, बोअरच्या पाण्यावर शेती नको, हे नियमही गावानेच केले. आकडा सर्वांसमोर असतो, म्हणून नियम मोठ्या शेतकऱ्यालाही पाळावा लागतो.

याच गावात मुस्लिम कुटुंब एकच. त्याच्यासाठी गावाने मशीद बांधली. हिशेब मांडताना सर्वांत लहान घर विसरायचे नाही, ही सवय इथेही दिसते.

पाणी अल्लाहची नेमत आणि आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. अमानतीचा हिशेब ठेवावाच लागतो. वुजू करतानाही इसराफ नको, हे आपण मुलांना शिकवतो. पण नळ चालू ठेवून केलेल्या वुजूला किती लिटर लागतात, हे आपण कधी मोजले आहे का? भगिनींनो, एकदा नळाखाली बादली ठेवून पाहा. मुलांना आकडा वहीत लिहू द्या. मशिदीच्या विहिरीची पातळी दर जुम्याला दोरीने मोजून फलकावर लिहिली, तर उन्हाळ्याआधीच मोहल्ला सावध होईल.