नवी कोल्हापुरी चावते? पट्टा सैल होईल, पण तळ वाढणार नाही. घेण्याआधी हे वाचा

लग्नसराई किंवा जत्रा जवळ आली की घरात कुणीतरी नवी कोल्हापुरी घेतंच. पहिल्या दिवशी रुबाबात मांडवात फिरतात, संध्याकाळी अंगठ्याजवळ फोड येतो. मग जोडी जी माळ्यावर जाते ती तिथेच राहते. चांगले पैसे मोजलेले असतात, ते वाया जातात. आणि वर म्हणायचं, "कोल्हापुरी आपल्याला सोसत नाही."

बहुतेक वेळा दोष चपलेचा नसतो. एक तर माप चुकलेलं असतं, नाहीतर घाई झालेली असते. कधी कधी तर ती कोल्हापुरीच नसते, रेक्झिनची नक्कल असते. या तिन्ही गोष्टी टाळता येतात. कशा, ते एकेक करून बघू.

कोल्हापुरी कुणाला म्हणायचं?

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. तो महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत पारंपरिक पद्धतीने बनलेल्या चपलेलाच कायद्याने हे नाव लावता येतं. म्हणजे अथणीच्या कारागिराने बनवलेली जोडीसुद्धा अस्सलच.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीच्या फॅशन शोमध्ये अशाच चपला दिसल्या आणि आपल्याकडे गदारोळ झाला. कोल्हापूरचं नाव न घेता आमचीच चप्पल दाखवली, अशी कारागिरांची तक्रार होती. नंतर कंपनीने मान्य केलं की या चपलांची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलांचीच आहे. तेव्हापासून मागणीची चर्चा वाढली. आणि मागणी वाढली की नकली मालही वाढतो, हे बाजाराला नवीन नाही.

नवी चप्पल एवढी कडक का असते?

कारण तिचं चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं असतं. जनावराचं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून त्याचे केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवतात. जुन्या पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून टांगतात आणि आत हे सालीचं पाणी भरतात. साल आणि हिरड्यातला तुरट अंश कातड्याच्या तंतूंना धरून बसतो, त्यामुळे कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. या कामाला कित्येक दिवस जातात.

कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम फार लवकर होतं. ते चामडं मऊ असतं आणि पहिल्या दिवसापासून पायाला बरं वाटतं. सालीचं चामडं मात्र सुरुवातीला ताठ असतं. पण पायाची ऊब, घामाचा ओलावा आणि अंगाचं वजन यांनी ते हळूहळू तुमच्या पायाचा आकार घेतं. टाचेचा खळगा, बोटांचे ठसे तळावर उमटतात. म्हणून जुनी कोल्हापुरी ज्याची त्यालाच नीट बसते, दुसऱ्याने घातली की अवघडल्यासारखं होतं.

थोडक्यात, कडकपणा हा दोष नाही. पण तो निघायला वेळ द्यावा लागतो.

खरं चामडं ओळखायचं कसं?

दुकानात उभ्या उभ्या एवढं तपासा:

१. कड बघा. पट्ट्याची किंवा तळाची कापलेली कड उजेडात धरा. चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात आणि आतपर्यंत एकच जिन्नस असतो. रेक्झिनला वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली कापड दिसतं.

२. तळाला पुठ्ठा आहे का बघा. काही जोड्यांत वरखाली चामड्याचा पातळ थर आणि मध्ये पुठ्ठा भरलेला असतो. एका पावसात तो फुगतो. तळाच्या कडेला थर मोजा, शंका आली तर दुकानदाराला सरळ विचारा.

३. शिवण बघा. पारंपरिक कोल्हापुरीत खिळा नसतो. चामड्याच्याच वादीने ती हाताने शिवलेली असते. आतून बोट फिरवा. खिळ्याचं टोक लागलं किंवा नुसत्याच डिंकावर चिकटवलेलं दिसलं, तर ठेवून द्या.

४. रंग बघा. पांढरा रुमाल थोडा ओला करून पट्ट्यावर घासा. भरपूर रंग आला तर तोच रंग उद्या पायाला लागणार. सालीच्या चामड्याचा मूळ रंग फिकट तपकिरी असतो, वापराने तो गडद होत जातो.

५. दोन्ही पायांची जोडी शेजारी ठेवा. हाताच्या कामात वेणीचा किंवा नक्षीचा उन्नीस-बीस फरक असतोच, त्याला नावं ठेवू नका. पण तळाची जाडी आणि लांबी दोन्हीकडे सारखीच हवी.

कर्रकर्र आवाजावरून मात्र दर्जा ठरवू नका. आवाज ही हौसेची गोष्ट आहे. न वाजणारी जोडीही उत्तम असू शकते.

हातात स्मार्टफोन आहे, तर त्याचाही उपयोग करा. राज्य सरकारच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, कोल्हापुरीसाठी क्यूआर कोड आणला आहे. कोड स्कॅन केल्यावर चप्पल कुणी, कुठे बनवली याची माहिती मिळावी हा त्यामागचा हेतू. कोड नाही म्हणून जोडी नकलीच, असं समजू नका. पण कोड असेल तर स्कॅन करूनच पैसे द्या.

मापाचं गणित: इथेच सगळे फसतात

दुकानदार म्हणतो, "घाला हो, सैल होईल." तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

सैल होतो तो पट्टा आणि थोडेफार कान. कान म्हणजे बाजूचे दोन तुकडे, ज्यांत पट्टा अडकवलेला असतो. तळ लांबीला वाढत नाही. आज टाच मागे तळाबाहेर येत असेल, तर वर्षाने पण येणार. म्हणून आधी तळ बघायचा, मग पट्टा.

- चप्पल घ्यायला दुपारनंतर जा. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजतात. सकाळी बरोबर बसलेली जोडी संध्याकाळी आवळते.
- दोन्ही पायांत घाला. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. मोठ्या पायाचं माप धरा.
- टाच आणि बोटं तळाच्या आत हवीत. मागे-पुढे थोडी कड दिसली पाहिजे.
- पट्टा अंगासरशी हवा, पण पाय घालताना जोर लावावा लागू नये. सुरुवातीलाच ऐसपैस असेल तर महिन्याभराने चालताना पाय पुढे घसरेल.
- अंगठ्याची कडी नीट तपासा. कडीत अंगठा सहज फिरला पाहिजे. कडी रुतत असेल तर कारागिराकडून तिथेच सैल करून घ्या. फोड जास्त करून इथेच येतो.
- दुकानातल्या गालिच्यावर नको, बाहेर फरशीवर वीस-पंचवीस पावलं चाला.

पाय रुंद असेल, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं असेल, तर तयार जोडीच्या मागे लागू नका. कागदावर पाय ठेवून पेन्सिलने आखा आणि तो कागद कारागिराला द्या. तुमच्या मापाची जोडी तो बनवून देऊ शकतो. हाताने बनवलेल्या मालाचा खरा फायदा हाच, कारखान्याची चप्पल असं ऐकत नाही.

ऑनलाइन मागवत असाल तर परत करायचे नियम आधी वाचा. जोडी आली की घरात स्वच्छ फरशीवरच घालून बघा. रस्त्यावर घातलेली चप्पल कुणी परत घेत नाही.

पहिले पंधरा दिवस

लग्नात घालायची असेल तर किमान दोन-तीन आठवडे आधी घ्या. मग असं करा:

पहिली रात्र: मऊ फडक्यावर एरंडेलाचे किंवा खोबरेल तेलाचे चार थेंब घ्या. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कानांना आणि अंगठ्याच्या कडीला हलकं चोळा. रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून काढा. तळाला खालून तेल लावू नका, पाय घसरेल. तेलात बुडवून ठेवणं तर नकोच. जास्त तेलाने चामडं ढिलं पडतं आणि धूळ धरतं.

पहिले तीन-चार दिवस: फक्त घरात, रोज अर्धा ते एक तास. कुठे घासतंय असं वाटलं की काढा. फोड येईपर्यंत थांबू नका. हवं तर पातळ मोजा घाला, घरात कोण बघतंय?

दुसरा टप्पा: किराणा दुकान, देऊळ, ग्रामपंचायत असं जवळचं काम. रोज थोडा वेळ वाढवा. पट्टा हाताने मागे-पुढे वाकवत राहा.

आठवड्यानंतर: पुन्हा एकदा तेलाचा हात फिरवा. पंधरा दिवसांत चप्पल पाय ओळखायला लागते.

काही जण जोडी रात्रभर पाण्यात भिजवायला सांगतात. तसं करू नका. भिजलेलं चामडं वाळताना आक्रसतं, आणखी कडक होतं आणि शिवणीवर ताण येतो.

पंधरा-वीस दिवसांनंतरही एकाच जागी घासत असेल, तर तो मापाचा दोष आहे. पाय दुखवत बसू नका, जोडी कारागिराकडे न्या.

शुगर असेल तर हे नीट वाचा

मधुमेह जुना असेल तर पायाची संवेदना कमी होऊ शकते. चप्पल चावते तेच कळत नाही. फोड फुटतो, जखम होते, ती चिघळते, आणि प्रकरण बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाऊ शकतं.

म्हणून ज्यांच्या पायाला मुंग्या येतात, बधिरपणा आहे किंवा आधी जखम होऊन गेली आहे, त्यांनी कडक कोल्हापुरी मुरवण्याच्या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी मऊ तळाची एमसीआर चप्पल मिळते, डॉक्टरांना विचारून तीच घ्या. घरातले अण्णा, आक्का हौसेने नवी जोडी घालत असतील तर रोज रात्री त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. फोड दिसला तर फोडू नका, हळद-चुना लावत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

पाऊस, शेत आणि फवारणी

सालीच्या चामड्याचा मोठा शत्रू पाणी. पावसाळ्यात कोल्हापुरी घरातच ठेवा. भिजलीच तर कोरड्या फडक्याने पुसा, रद्दी कागदात गुंडाळून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की तडकते. वाळल्यावर थोडं तेल लावा. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते. कापडी पिशवी किंवा कागद बरा.

फवारणीला चामड्याची चप्पल अजिबात घालू नका. चामडं औषध शोषून घेतं, ते धुऊन निघत नाही आणि नंतर रोज पायाला लागत राहतं. फवारणीला गमबूटच.

महाग की स्वस्त?

समजा, तीनशे रुपयांची रेक्झिनची जोडी सहा महिने टिकली, तर तीन वर्षांत सहा जोड्या, म्हणजे अठराशे रुपये. समजा, हाताने बनवलेली जोडी दीड हजाराला पडली आणि एकदा दोनशे रुपये देऊन खाली रबरी तळ मारून घेतला, तर तीन वर्षांत सतराशे. आकडे तुमच्या बाजारात वेगळे असतील, पण हिशोब असाच करायचा. फरक एवढाच की रेक्झिन तुटलं की उकिरड्यावर जातं, आणि चामड्याची वादी तुटली की पुन्हा घालता येते.

दुसरी गोष्ट, हे पैसे कुणाकडे जातात? एका जोडीमागे कातडं कमावणारा, तळ कापणारा, शिवणारा, वेणी घालणारा असे कितीतरी हात असतात. वेणी आणि नक्षीचं बरंच काम घरातल्या बायका करतात. नकली माल कोल्हापुरीच्या नावाने खपतो तेव्हा या सगळ्यांची मजुरी पडते. आणि मजुरी पडली की पोरं हा धंदा सोडून एमआयडीसीचा रस्ता धरतात.

तेव्हा पुढच्या वेळी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये असा, नाहीतर गावच्या जत्रेतल्या पालावर, भाव करण्याआधी कड बघा, टाच बघा, कडीत अंगठा फिरवून बघा. पट्ट्याला सैल व्हायला पंधरा दिवस द्या. तळ आखूड असेल तर मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी ती जोडी तिथेच ठेवा.