मोडल्या पाठीनं पुन्हा शिडाच्या बोटीवर

मैत्रिणींनो, हा अनुभव तुमच्यापैकी कितीजणींना आलाय? महिना-दीड महिना घराबाहेर काढून तुम्ही परत येता. कारण काहीही असो. स्वतःचं ऑपरेशन, अवघड बाळंतपण, आईचं शेवटचं आजारपण, नाहीतर रस्त्यावरचा अपघात. भिवंडीच्या एस.टी. स्टँडवर उतरता, रिक्षात बॅग टाकता, यंत्रमागांची ती रोजची खडखड कानावर पडते आणि घराचं दार उघडतं. ओटा आपलाच, डबे आपलेच, पण मिठाची बरणी कुठल्या फळीवर ती चटकन आठवत नाही! ज्या न्हाणीघरात पाय घसरून कंबर मोडली, त्याच्या दाराशी तर पाऊल अडतंच. बाहेरून सगळे म्हणतात, "आलीस ना घरी? झालं तर मग!" आपलं आपल्याला ठाऊक असतं, झालेलं काहीच नाही. आत्ता कुठे सुरुवात आहे.

अशाच एका परतण्याची गोष्ट आज सांगणार आहे. घर मात्र जरा वेगळं आहे. ते समुद्रावर तरंगणारं, शिडाचं घर आहे.

तुम्ही म्हणाल, कापडाच्या गावातल्या बायकांना शिडाच्या बोटीचं काय? अहो, आपलं भिवंडी मुळात खाडीकाठचं बंदर! १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराची पहिली जहाजं याच खाडीच्या काठी बांधायला घेतली गेली. त्या कामावर सुरुवातीला पोर्तुगीज कारागीर होते. ते मधेच काम टाकून निघून गेले, पण आरमार काही थांबलं नाही. तेव्हा शीड आणि सुकाणू हे शब्द आपल्याला परके नाहीत. आपण ते विसरलोय, इतकंच.

मुंबईची बोट, गोव्याची बोट

शिडाच्या बोटीतून, एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणजे इंग्लंडचे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १९६८ च्या जूनमध्ये ते निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला परत पोचले. त्यांची 'सुहैली' ही सागवानी बोट आपल्या मुंबईत, इथल्याच सुतारांच्या हातून घडली होती.

आपल्याकडे हे वेड रुजवलं ते निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्यानं जगाला फेरी घालावी, हा त्यांचा ध्यास. गोव्याच्या रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली आणि नौदलातले आपले मराठी अधिकारी दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघून, वाटेत चार बंदरं घेत, मे २०१० मध्ये परतले. त्या वेळी त्यांच्या मदतीला किनाऱ्यावर जे होते, त्यात अभिलाष टॉमी हे नौदलातले तरुण वैमानिक होते. पुढे त्याच म्हादेईतून अभिलाष स्वतः १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि एकाही बंदराला न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईला आले. असं करणारे ते पहिले भारतीय.

आपली गोष्ट याच अभिलाष टॉमींची आहे.

घरी येण्याची अवघड वाट

नॉक्स-जॉन्स्टन यांच्या सफरीला ५० वर्षं झाली म्हणून २०१८ साली फ्रान्समधून 'गोल्डन ग्लोब' नावाची शर्यत निघाली. अट अशी, की सगळं जुन्या पद्धतीनं करायचं. उपग्रहावरून वाट दाखवणारं यंत्र वापरायचं नाही. सूर्य-तारे पाहायचे, कागदी नकाशावर खूण करायची आणि एकट्यानं जगाला फेरी घालून यायचं. अभिलाष 'थुरिया' घेऊन उतरले. सुहैलीची ही हुबेहूब प्रतिकृती गोव्यात बांधलेली होती.

२१ सप्टेंबर २०१८. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरापासून सुमारे ३५०० किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळानं बोट गाठली. दहा मीटरहून उंच लाटा. थुरिया कलंडली, डोलकाठी मोडली आणि अभिलाष उंचावरून आपटले. पाठीचा कणा जबर दुखावला. पाय हलेनात. कशीबशी सरपटत त्यांनी बोटीतली झोपायची जागा गाठली आणि आपल्याला चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, असा निरोप यंत्रावर पाठवला.

मग तीन दिवस ते तिथेच पडून होते. जवळ माणूस नाही, बोट प्रत्येक लाटेबरोबर हिंदकळतेय, आणि पाठीचं हाड मोडलेलं. कल्पना तरी करवते का? नौदलाच्या विमानानं त्यांना शोधून काढलं. शर्यतीतला आयरिश खलाशी ग्रेगर मॅकगकिन, ज्याच्या स्वतःच्या बोटीची डोलकाठी मोडली होती, तोही तात्पुरतं शीड बांधून त्यांच्याकडे यायला निघाला. अखेर २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजानं त्यांना उचललं. अ‍ॅम्स्टरडॅम नावाच्या चिमुकल्या बेटावरच्या दवाखान्यात नेलं. तिथून आपली युद्धनौका 'सातपुडा' त्यांना घेऊन निघाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विशाखापट्टणमला पोचली. थुरियाला समुद्रातच सोडून द्यावं लागलं.

पुढे ऑपरेशन. कण्यात टायटॅनियम धातूच्या सळ्या बसवल्या. मग पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, असं लहान मुलासारखं पुन्हा चालायला शिकणं.

"आता पुरे" म्हणणारे आणि न म्हणणारे

इथे क्षणभर थांबूया. असा माणूस आपल्या घरात असता तर आपण काय म्हटलं असतं? "आता पुरे झालं हं तुमचं!" हेच ना? त्यात चूक काही नाही. ज्याला आपण मरणाच्या दारातून परत आणलं, त्याला पुन्हा त्याच दारात कोण पाठवील?

पण शर्यतीतली दुसरी गोष्टही ऐका. त्याच २०१८ च्या शर्यतीत एकच स्त्री होती, ब्रिटनची सूझी गुडॉल. डिसेंबरमध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून हजारो किलोमीटर पश्चिमेला तिची बोट लाटेनं कोलांटी खाऊन उलटली, डोलकाठी गेली. दोन दिवसांनी एका मालवाहू जहाजानं तिला वर घेतलं. पुढच्या, म्हणजे २०२२ च्या शर्यतीत सूझी उतरली नाही. म्हणून ती कमी धीराची का? मुळीच नाही! पुन्हा जायचं की नाही, हे ज्याच्या अंगावर ती लाट आली त्यानं ठरवायचं. घरच्यांनी काळजी जरूर सांगावी, पण निर्णय मात्र त्याच्या हातात ठेवावा. आपल्या घरी हे उलटं होतं. पुरुष पडून उठला की त्याला विचारतात, "कधी जाताय कामावर?" आणि बाई पडून उठली की तिला कुणी विचारत नाही. स्वयंपाकघरात तिनं दुसऱ्या दिवशी जायचंच असतं, आणि स्कूटरवर मात्र पुन्हा कधी बसायचं नसतं. दोन्ही गोष्टी दुसऱ्यांनीच ठरवलेल्या!

परतण्याची तयारी

अभिलाष परतले. पण किती दिवसांनी? पडले ते सप्टेंबर २०१८ मध्ये, आणि पुन्हा त्याच शर्यतीच्या रेषेवर उभे राहिले ते ४ सप्टेंबर २०२२ ला. मधे जवळजवळ चार वर्षं गेली. २०२१ साली त्यांनी नौदलातून निवृत्ती घेतली. या वेळी बोटही बदलली. सुहैलीच्या जुन्या घाटाची सागवानी बोट त्यांनी घेतली नाही. 'रस्टलर ३६' जातीची फायबरची मजबूत बोट घेतली. २०१८ ची शर्यत याच जातीच्या बोटीनं जिंकली होती. तिचं नाव ठेवलं 'बयानात'.

यातलं मर्म लक्षात आलं का? समुद्र तोच होता, तो काही बदलता येत नाही. बदलता येण्याजोगं होतं ते सगळं त्यांनी बदललं. आपणही न्हाणीघराच्या दाराशी छाती धडधडत असताना "घाबरायचं काय त्यात?" म्हणून स्वतःला दटावत बसतो. त्यापेक्षा आधी भिंतीला धरायला दांडी लावून घ्या, गुळगुळीत फरशीवर खरखरीत पट्टी चिकटवा. निम्मी भीती तिथेच ओसरते. उरलेली निम्मी रोजच्या वापरानं जाते.

तरंगत्या घरातला दिवस

आता या घरातला संसार बघा. बोटीची लांबी ११ मीटर, रुंदी मध्यभागी साडेतीन मीटरसुद्धा नाही. त्यातच झोपायचं, रांधायचं, नकाशे पसरायचे. बोट कलंडली तरी भांडं सरळ राहावं म्हणून शेगडी झुलती टांगलेली असते. गोडं पाणी मापानं. झोप सलग कधीच नाही, तुकड्यातुकड्यांनी. तान्हं मूल असलेल्या घरासारखंच म्हणा ना! आणि सगळ्यात मोठं काम दुरुस्तीचं. आज शिडाची शिवण उसवली, उद्या दोर झिजला.

वाऱ्याच्या दिशेनं बोट आपोआप चालती ठेवणारं एक साधन असतं. एकट्या माणसाला तोच काय तो मदतनीस. अभिलाष यांच्या बोटीवरचं हे साधन वाटेत मोडलं. दुरुस्तीला दुकान कुठलं? त्यांनी शौचालयाचं दार काढलं आणि त्याच्या फळीचा भाग करून बसवला! हे वाचून मला तरी हसू आलं आणि आपल्या घरातल्या जुन्या साड्यांच्या गोधड्या आठवल्या. आहे त्यात भागवण्याची विद्या समुद्रावरही तीच असते.

आणि खरं सांगू? परत गेलेल्या माणसाला सावरतात ती हीच बारीकसारीक कामं. पुढच्या आठ महिन्यांचा विचार केला तर कुणाचीही छाती दडपेल. पण आज पाणी मोजून ठेवायचं, आज हा दोर बदलायचा, आज दुपारी सूर्याचं माप घ्यायचं, एवढाच दिवस समोर ठेवला की तो निभतो.

या शर्यतीला १६ जण निघाले होते. मूळ नियम पाळून, वाटेत बंदर न घेता शर्यत पुरी केली ती फक्त तिघांनी. २७ एप्रिल २०२३ ला पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. होय, एक स्त्री पहिली आली! तीही वाटेत आपली शर्यत सोडून, बोट बुडालेल्या टापिओ लेहटिनेन या फिनलंडच्या खलाशाला वाचवायला गेली होती. त्याला एका मालवाहू जहाजावर सुखरूप चढवून ती पुन्हा वाटेला लागली. तिच्या मागोमाग दोन दिवसांनी, २९ एप्रिलला, दुसरे आले ते अभिलाष टॉमी. २३६ दिवस समुद्रावर काढून, कण्यात सळ्या असलेल्या पाठीनं.

घरातल्या परतणाऱ्या बाईसाठी

ही गोष्ट वाचून कुणी समुद्रावर जाणार नाही, हे मला ठाऊक आहे! पण तुमच्या घरात, शेजारात कुणी दुखण्यातून, दुःखातून परतली असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, तिला मुदत घालू नका. "पंधरा दिवस झाले, आता उठायला हवं," हे डॉक्टरांनी म्हणावं, शेजारणीनं नव्हे. दुसरी, सगळा संसार एकदम तिच्या गळ्यात टाकू नका आणि सगळा काढूनही घेऊ नका. एक काम तिचं म्हणून ठेवा. सकाळचा चहा असो, नाहीतर झाडांना पाणी. तिसरी, ज्या गोष्टीनं तिला इजा झाली ती आधी दुरुस्त करा. सैल वायर, हलणारा स्टूल, चढताना हाताला काही लागत नाही असा जिना. आणि चौथी, "घाबरतेस काय?" असं विचारण्याऐवजी "मी बरोबर येऊ का?" असं विचारा. मॅकगकिनच्या बोटीची डोलकाठी मोडलेलीच होती, तरी तो निघाला होताच ना?

आणि परतणारी तुम्ही स्वतः असाल, तर परत कधी जायचं आणि कशाकडे जायचं, हे ठरवायचा हक्क सोडू नका. "नको" म्हणावंसं वाटलं तर तेही बिनधास्त म्हणा.

जाता जाता एक शेवटची बातमी. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून 'तारिणी' ही शिडाची बोट निघाली. तिच्यावर दोघीच होत्या, नौदलातल्या अधिकारी दिलना के. आणि रूपा ए. जगाला फेरी घालून २९ मे २०२५ ला दोघी गोव्याला परत आल्या. त्यांना शिकवून तयार करणारे गुरू कोण होते, सांगा पाहू? आपले अभिलाष टॉमीच!

पुढच्या वेळी कामवारीच्या पुलावरून रिक्षा जाईल तेव्हा जरा खाली पाहा. पाणी आज काळं झालंय, पण ते पुढे जाऊन त्याच समुद्राला मिळतं.