तेराचा डाव

पत्त्यांचे नाव काढताच आमच्याकडील वडील मंडळींच्या कपाळी आठ्या पडतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पैशाच्या डावात तुरीचा हंगाम घालवून बसलेली घरे या भागात कोणी पाहिली नाहीत? परंतु आज आम्ही ज्या डावाविषयी लिहीत आहो, त्यात पैसा नाही व समोर प्रतिस्पर्धीही नाही. एकट्याने खेळावयाच्या अशा खेळांस 'पेशन्स' म्हणतात, म्हणजे सबुरी. त्यांतलाच हा 'पिरॅमिड'.

पत्ते पिसून त्यांतील २८ उताणे मांडावे: शिखरावर एक, त्याखाली दोन, असे सातव्या ओळीत सात. प्रत्येक ओळ वरच्या ओळीवर अर्धी चढवावी, म्हणजे एकेका पत्त्यावर दोन पत्ते येतात. ज्यावर काही नाही तो मोकळा. दोन मोकळ्या पत्त्यांची बेरीज तेरा झाली की ती जोडी उचलावी. एक्का एक, गुलाम अकरा, राणी बारा. राजा स्वतःच तेरा, म्हणून तो एकटा जातो. हातचे २४ पत्ते एकेक उलटावे, आणि उलटलेल्यांतील सर्वांत वरचा जोडीस घ्यावा. घरोघर नियम थोडे बदलतात. आम्ही हातचे पत्ते एकदाच उलटतो.

एका रंगाची बेरीज ९१, चार रंगांची ३६४, म्हणजे तेराच्या बरोबर २८ पट. चार राजे आणि चोवीस जोड्या! कॅट पुरा असेल तर शिल्लक काहीच उरावयाचे नाही.

मागे पावसाच्या झडीत भालकी तालुक्यातील एका घरी आम्ही थांबलो होतो. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे १९५६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून पुष्कळ घरांत घरची भाषा मराठी व शाळेची कन्नड असे चालत आले आहे. त्या घरची नऊ वर्षांची नात घरी 'तेरा' म्हणे व शाळेत 'हदिमूरु'. फळ्यासमोर उभे केले की दोन्ही शब्द घशात अडकत, आणि आपल्याला गणित येत नाही अशी तिची पक्की समजूत झाली होती. पत्त्यांवरचे ठिपके मात्र कोणत्याच भाषेचे नसतात. ती झरझर जोड्या उचलीत होती.

डाव अडला. तिने इकडेतिकडे पाहिले आणि दोन पत्त्यांखालची एक पंजी हळूच ओढून अठ्ठीशी जुळविली. आजोबांनी पाहिले. ते रागावले नाहीत.

"ठेव ती जागेवर. शिखरावर काय हाय?"

"पंजी."

"आणि मांडलेल्यांत अठ्ठ्या किती होत्या?"

तिने आठवून मोजल्या. चार.

"शिखर मोकळं व्हायच्या आधी त्या चारी जायला पाहिजेत. एकेक अठ्ठी एकेक पंजी घेऊन जाणार. शिखरावरची सोडून पंज्या किती?"

ती बराच वेळ गप्प होती. "तीनच! मग हा डाव कुणालाच सुटणार नाही?"

"मलाही नाही, तुझ्या मास्तरांनाही नाही."

असे डाव थोडे असतात. बाकीच्या पुष्कळ वेळा घाईच नडते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्ही पाहिला. तिने पत्ते गोळा केले, पिसले, पुन्हा मांडले. शिखरावर छक्की आली. बोट फिरवीत तिने सत्त्या मोजल्या.

"दोनच हायत, आजोबा," ती म्हणाली, आणि पहिला राजा उचलला.