संख्येचा वेष

१,२३,४५,६७८ हा आंकडा पाहतांच आपण एक कोटी तेवीस लाख असें मनांत म्हणूं लागतों. तोच १२,३४५,६७८ असा छापला, तर घटकाभर थबकावें लागतें. अंक तेच आहेत. स्वल्पविराम मात्र हलले आहेत, आणि हिशेबाच्या कागदावर एवढ्या फरकानें वाचणाराची फसगत होण्याचा संभव असतो. संगणकाला आपली रीत शिकवितां येईल काय, हें आज पाहूं.

उदाहरणादाखल गिडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा घेऊं. तींत वाक्यामध्यें महिरपी कंस घालून आंत वस्तूचें नांव लिहिलें, म्हणजे त्या जागीं तिचें मूल्य उमटतें. नांवापुढें अपूर्णविराम देऊन, तें मूल्य कोणत्या वेषांत उमटावें, याची सूचनाही करतां येते. २००९ सालच्या ३.१ या आवृत्तीपासून तेथें स्वल्पविराम लिहिला, कीं संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पडतात. लाख-कोटींची सोय त्या चिन्हांत नाहीं.

मग उपाय कोणता? या योजनेची खुबी अशी, कीं वाक्य जुळविणारी यंत्रणा सूचनेचा अर्थ लावीत बसत नाहीं. ती सूचना वस्तूच्याच स्वाधीन करते. तारीख ती सूचना दिवस-महिन्यांच्या खुणा म्हणून वाचते, तर संख्या ती रुंदी आणि दशांशस्थळें म्हणून वाचते. यासाठीं प्रत्येक जातीच्या वस्तूंत 'फॉरमॅट' नांवाची एक कृति असते; त्या नांवाच्या मागें-पुढें दोन-दोन अधोरेषा असतात. आपण 'रुपये' ही नवी जात निर्माण करून तींत ही कृति स्वतः लिहावी. 'लाख' अशी सूचना आली, तर उजवीकडचे तीन अंक वेगळे काढावे, उरलेल्यांचे उजवीकडूनच दोन-दोनांचे गट पाडावे, आणि सिद्ध झालेली अक्षरमाला परत द्यावी. इतर सूचना मूळ संख्येच्या कृतीकडे सोंपवाव्या.

दोन पथ्यें मात्र पाळावीं. उणे चिन्ह आणि दशांशाचा भाग आधींच बाजूला काढावा. नाहींतर उणे चिन्हालाच अंक समजून '-,१२,३४५' असें विद्रूप रूप उमटेल. दुसरें, हा वेष केवळ दाखविण्यापुरता आहे. स्वल्पविराम पडले, कीं उरतात तीं अक्षरें. त्यांची बेरीज होत नाहीं. म्हणून सारें गणित मूळ संख्येवर करावें, आणि वेष अगदीं शेवटीं, कागदावर उतरतांना चढवावा.